कायदेभंगाची किंमत कुणी मोजायची?

२८ ऑक्टोबर २०२५ ला वर्धा रोडवर ट्रॅक्टर आडवे लागले आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग ठप्प झाला. बच्चू कडूंसोबत आलेल्या शेतकऱ्यांची मुख्य मागणी होती कर्जमाफीची. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. त्या दोन दिवसांत शहरात दोनच बाजू ऐकू येत होत्या. एक बाजू म्हणत होती, शेतकरी मरतोय, रस्ता अडवला तर काय बिघडलं? दुसरी म्हणत होती, मागणी कितीही रास्त असो, कायदा हातात घेतला की गुन्हेगारच.

मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. दोघांचं थोडं थोडं बरोबर म्हणून सुटका करून घ्यायचीही माझी तयारी नाही. राजकीय आंदोलनात कायदा मोडणं समर्थनीय असू शकतं, स्वतंत्र देशात आणि निवडून आलेल्या सरकारपुढेसुद्धा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मागणी न्याय्य आहे एवढ्यावर ते समर्थन उभं राहत नाही. मागणी न्याय्य आहे असं प्रत्येकालाच वाटतं. कायदा मोडण्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. मोडणाऱ्याने ती उघडपणे स्वतःच्या अंगावर घेतली तर त्याचं ऐकणं समाजावर बंधनकारक होतं. ती रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडली, तर मागणी कितीही खरी असली तरी तो अन्याय आहे.

आधी सरकारबद्दल बोलू, कारण आंदोलकांना उपदेश करणारे बहुतेक लोक हा भाग गाळतात. त्याच वर्षी जूनमध्ये कडू यांनी गुरुकुंज मोझरीत उपोषण केलं होतं. तुकडोजी महाराजांच्या गावात, कुणाचीही वाट न अडवता, स्वतःच्या शरीराला त्रास देऊन. आठवडाभराने आश्वासन मिळालं, समितीची भाषा झाली आणि उपोषण सुटलं. मग पेरण्या झाल्या, अतिवृष्टीने पिकं गेली, दिवाळी आली आणि गेली, तरी कर्जमाफीचं घोंगडं भिजतच राहिलं. महामार्ग अडला आणि तिसऱ्याच दिवशी मुंबईत बैठक झाली. ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ, अशी तारीख हाती आली. उपोषणाने चार महिन्यांत जे झालं नाही ते चक्का जामने दोन दिवसांत झालं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ही म्हण लोकांनी सरकारच्या वागण्यातूनच पडताळून पाहिली. सनदशीर मार्गाने आलेल्याला ताटकळत ठेवायचं आणि रस्ता अडवणाऱ्याला चहाला बोलवायचं, असं दरवर्षी करणाऱ्या राज्यकर्त्यांना कायद्याच्या राज्याची महती सांगण्याचा नैतिक अधिकार किती उरतो?

नागपूरकराला हे दर हिवाळ्यात डोळ्यांनी दिसतं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला गेला की सरकार वर्षातून काही काळ इथे येऊन बसेल आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होईल. राजधानीचा मान सोडणाऱ्या शहराला मिळालेला तो शब्द होता. आता ते अधिवेशन आठवडा-दोन आठवड्यांत उरकतं. तेवढ्यात अख्ख्या महाराष्ट्राची गाऱ्हाणी इथे येतात. अंगणवाडी सेविका, आशा, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कोतवाल, धरणग्रस्त. रात्रभर एसटीने किंवा रेल्वेच्या जनरल डब्यातून येतात, फडक्यात बांधलेली भाकरी यशवंत स्टेडियमच्या भिंतीला टेकून खातात आणि पोलिसांची परवानगी खिशात घेऊन निघतात. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला (कॉलेजचं नाव कधीच बदललं, लोकांच्या तोंडी मॉरिसच आहे) लोखंडी बॅरिकेड असतात. मोर्चा तिथे थांबतो. पुढे विधानभवन. पोलीस पाच जणांचं शिष्टमंडळ गाडीत बसवून आत नेतात, बाकीचे डांबरावर बसून राहतात. पाच जण तासाभराने परततात तेव्हा नेत्याच्या हातात निवेदनाची पोच असते. मंत्री भेटले तर भेटले. नाहीतर त्यांच्या कार्यालयातल्या कुणीतरी कागद घेतलेला असतो. भोंग्यावरून जाहीर होतं की सकारात्मक चर्चा झाली. पुढच्या डिसेंबरला त्याच बाया त्याच निवेदनावर नवी तारीख घालून परत येतात.

आणि याच जागेजवळ २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाची ११४ माणसं मेली. तो मोर्चा बेकायदा नव्हता. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी एवढं सांगायला हजारो लोक आले होते, त्यांत बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. दिवसभर ते कुणीतरी निवेदन घ्यायला येईल म्हणून वाट पाहत बसले. संध्याकाळी लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली, आणि आईच्या कडेवरची मुलं पायांखाली गेली. एका मंत्र्याचा राजीनामा झाला, आयोग बसला, झिरो माइलजवळ स्मारक उभं राहिलं, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव मिळालं. शिक्षा कुणालाही झाली नाही. मागणीचं म्हणाल तर २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाच्या निकालावर माझा वाद नाही. माझा प्रश्न त्या संध्याकाळचा आहे. कायदा पाळून आलेल्यांना आपण हे दिलं. त्या पुलावरून रोज गाड्या जातात, आणि आपण त्याच रस्त्यावर बसलेल्या पोरांना सांगतो की सनदशीर मार्गाने या.

इथे कुणीही जाणता नागपूरकर मला थांबवून बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचायला सांगेल, आणि ते योग्यच आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न त्या भाषणाला वळसा घालून सुटणार नाही. संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की आता रक्तरंजित क्रांतीचे मार्ग तर सोडाच, सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हेही सोडले पाहिजेत; ते अराजकाचं व्याकरण आहे. कायदेभंगाचे विरोधक हे एवढंच उद्धृत करतात आणि थांबतात. त्याच परिच्छेदात त्यांनी एक अट घातली होती. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टं गाठायला घटनात्मक मार्ग शिल्लक नव्हता तेव्हा त्या पद्धतींना बरंच समर्थन होतं, असं ते म्हणाले. घटनात्मक मार्ग जिथे खुले आहेत तिथे ते समर्थन संपतं. म्हणजे मार्ग खुला आहे की नाही हे दर वेळी तपासणं आलं. कागदावर खुला असलेला दरवाजा टी पॉइंटला बॅरिकेडने बंद असेल तर त्याला खुला म्हणायचं का, हा प्रश्न त्या भाषणाने मिटत नाही. तो तिथूनच सुरू होतो.

बाबासाहेबांचं स्वतःचं वागणं त्या भाषणापेक्षाही जास्त शिकवतं. २० मार्च १९२७ ला ते चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्यांनी कुठलाही कायदा मोडला नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं होतं. बाबासाहेब कायदा बजावायला गेले होते. कायदा मोडला तो नंतर काठ्या घेऊन धावून आलेल्यांनी. त्याच वर्षी डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने महाडला जमले होते. बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही, आणि लढा कोर्टात गेला. अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला, तब्बल दहा वर्षांनी. पण १९३० ला नाशिकला काळाराम मंदिरापुढे त्यांनी सत्याग्रहच केला आणि तो वर्षानुवर्षं चालला, कारण तिथे पुजाऱ्याच्या हातची किल्ली मिळवायला दुसरा मार्ग नव्हता. एकाच माणसाने तीन वर्षांच्या आत दोन ठिकाणी वेगळा निर्णय घेतला. ज्या ठिकाणी कोर्ट खरोखर दाद देण्याची शक्यता होती तिथे त्यांनी वाट पाहिली. आज बाबासाहेबांचा हवाला देणाऱ्यांनी आणि त्यांचा फोटो लावून रस्ता अडवणाऱ्यांनी, दोघांनीही, हा फरक समजून घ्यावा.

आता अवघड आक्षेप. प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्यासाठी दरवाजा बंद आहे. मग कुठल्या जमावाला नाही म्हणायचं? मला वाटतं, याचं उत्तर नागपूरच्याच इतिहासात आहे आणि ते आपण पाठ्यपुस्तकात वाचून विसरलो.

१९२३ च्या १ मे पासून नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणुकीने सिव्हिल लाइन्समध्ये जायला मनाई होती. साहेब लोकांची वस्ती ती. स्वयंसेवक लहान लहान तुकड्यांनी झेंडा घेऊन निघत, हद्दीवर पोलीस अडवत, आणि ते निमूट अटक करवून घेत. दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. गुजरातपासून बिहारपर्यंतचे लोक त्यासाठी आले. दीड हजाराहून अधिक जण तुरुंगात गेले. पुढारी होते जमनालाल बजाज. त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि वर तीन हजार रुपये दंड. दंड भरायला त्यांनी नकार दिल्यावर सरकारने त्यांची मोटार जप्त केली. नागपुरात ती मोटार विकत घ्यायला कुणी पुढे येईना! ही गोष्ट मला त्या आंदोलनातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोली लावली असती तर कुणी हात धरला नसता, माल स्वस्तात मिळाला असता. पण जो माणूस आपल्या कृत्याची किंमत स्वतः मोजतो आहे त्याच्या नुकसानीतून फायदा काढायचा नाही, एवढं शहराला कुणी न सांगता समजलं होतं. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

त्या स्वयंसेवकांनी जो हुकूम अन्यायाचा होता तोच मोडला. वाटेतल्या टांगेवाल्याला त्यांनी ओलीस धरलं नाही. नावं लपवली नाहीत. आणि शिक्षा चुकवायचा प्रयत्न केला नाही. हे सगळं जुळलं की माझ्या लेखी कायदेभंगाला बळ येतं. तुरुंगात जायला तयार असलेला माणूस चुकीचा असू शकतो, पण तो आपल्याला फसवत नाही एवढी खात्री पटते. १८ मार्च १९२२ ला अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल करून न्यायाधीशाकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली आणि सहा वर्षं घेतली. त्याच्या आधी महिनाभर चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस चौकी जाळली म्हणून त्यांनी बार्डोलीचा कायदेभंग मागे घेतला होता. देशभरातल्या कार्यकर्त्यांनी त्यांना शिव्या घातल्या, तरी घेतला. हे दोन निर्णय मला एकाच धाग्यातले वाटतात: शिक्षा स्वतःसाठी मागायची, आणि दुसऱ्याचा जीव जात असेल तर हातचं यश सोडायचं.

मागणी न पटताही पद्धतीला मान देता येतो, याचं एक अलीकडचं उदाहरण आमच्या विदर्भातलंच आहे. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या, कपाशीचं परवानगी नसलेलं बियाणं उघडपणे, कॅमेऱ्यांसमोर पेरलं. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. हेच बियाणं चोरबीटी म्हणून कृषी केंद्राच्या मागच्या दाराने वर्षानुवर्षं विकलं जात होतं आणि आजही विकलं जातं, बिलाशिवाय, उगवलं नाही तर तक्रार करायची सोय नसलेलं. त्या दिवशी अकोलीत पेरणाऱ्यांनी ते पिशवी वर धरून पेरलं. गुन्हे दाखल झाले. मला स्वतःला तणनाशक सोसणाऱ्या कपाशीबद्दल गंभीर शंका आहेत. निंदणावर पोट असलेल्या बायकांचं काय होणार, याचं उत्तर मला त्या आंदोलनात मिळालं नाही. तरीही त्या शेतकऱ्यांना मी कायदाबुडवे म्हणणार नाही. त्यांनी सरकारला वाद घालायला भाग पाडलं, आणि तसं करताना कुणाच्या घरात पाणी शिरू दिलं नाही. कायदाबुडवा आहे तो मागच्या दाराने पाकीट देणारा दुकानदार.

गवताचीही अशीच कहाणी आहे. १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. ज्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या ढोरं चारली तिथलं गवत कापणं गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याला ते उत्तर होतं. जंगलावर गावाचा हक्क मान्य करणारा कायदा यायला २००६ साल उजाडलं. आणि तो आल्यावरही गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना हाती पडायला २०११ पर्यंत झगडावं लागलं. कायदा गावाच्या बाजूने होता, आडवं सरकारी खातं आलं होतं.

सरकार कायदा मोडतं तेव्हा आपण त्याला कायदेभंग म्हणत नाही, प्रशासकीय दिरंगाई म्हणतो. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात दंगल झाली. तोंडं झाकून दगड मारणाऱ्यांचं, गाड्या जाळणाऱ्यांचं मी एका शब्दानेही समर्थन करणार नाही. त्यांनी कुठलीच किंमत स्वतःवर घेतली नाही, ती गल्लीतल्या लोकांनी मोजली. पण त्यानंतर महापालिकेने दंगलीतल्या एका आरोपीचं घर पाडलं. असं पाडकाम करताना काय पाळायचं ते सर्वोच्च न्यायालयाने चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सांगून ठेवलं होतं. खंडपीठाने स्थगिती दिली तोवर घर गेलं होतं. ते निर्देश आपल्याला ठाऊक नव्हते, असं सांगून पालिकेने न्यायालयाची माफी मागितली. जमावबंदीचा हुकूम ठाऊक नव्हता असं म्हणणाऱ्या आंदोलकाला ही सवलत कोणत्या कोर्टात मिळते?

हिंसेचा प्रश्न विदर्भात सोपा नाही हे मला मान्य आहे. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरला आणि आष्टीला गोळीबार झाला, आणि संतापलेल्या जमावाने पोलीस आणि अधिकारी ठार केले. आपण तिथे हुतात्म्यांना वंदन करतो, मीही करतो. परक्या सत्तेपुढे, मत नसलेल्या, पुढारी तुरुंगात असलेल्या गावाचा तो उद्रेक होता. मात्र त्याला आजच्या आंदोलनाचा आदर्श बनवणं मला मान्य नाही, आणि ते का नाही याचं कारण १९७८ मध्ये सापडतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्याच्या विरोधात जे झालं त्यालाही करणारे आंदोलनच म्हणत होते. त्या आंदोलनात दलितांच्या वस्त्या जळाल्या. सरकारशी भांडण आणि पेटवलं कुणाचं घर, तर ज्याचा हात दगडाखाली आहे त्याचं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. ती माणसं औरंगाबादच्या दिशेने पायी चालत गेली, वाटेत अडवली गेली, अटक झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एकाच प्रश्नावरची ही दोन आंदोलनं. एकाने किंमत दुबळ्याच्या छपरावर टाकली, दुसऱ्याने स्वतःच्या पायांवर घेतली. कायदा दोन्हींत मोडला असेल, पण त्यांना एका पारड्यात घालणाऱ्याला मी न्यायी म्हणणार नाही.

आता वर्धा रोडकडे परत यायला हवं. हिंगणघाटकडून, चंद्रपूरकडून, थेट आदिलाबादकडून जो रुग्ण नागपूरला येतो तो याच बाजूने येतो. तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, मेडिकलला न्या, आणि घरचे उसनवारी करून गाडी ठरवतात. किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागते तेव्हा तिच्यात अशी एखादी गाडी असतेच. तिच्यातला माणूसही बहुतेक वेळा शेतकरीच असतो. संत्र्याचा ट्रक असतो, परीक्षेला निघालेली मुलगी असते. यांपैकी कुणाच्याही हातात कर्जमाफीच्या फायलीवर सही करण्याचा अधिकार नाही. ज्याच्या हातात तो आहे तो विमानाने येतो, सायरनच्या गाडीतून जातो आणि रामगिरीवर, मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर, उतरतो.

लोकांची गैरसोय केल्याशिवाय कुणी लक्ष देत नाही, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि वर मीच त्याला दुजोरा दिला आहे. गैरसोय मला चालेल. तासभर रस्ता बंद, बाजार बंद, कार्यालयाच्या दाराशी ठिय्या, यांनी कुणाचा जीव जात नाही. शाहीन बागेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवता येणार नाहीत असं म्हटलं, ते मला पटतं. पण निषेध ठरवून दिलेल्या जागीच व्हावा हे त्याच निकालातलं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारू शकत नाही, कारण ठरवून दिलेली जागा कशी असते ते मी यशवंत स्टेडियमवर पाहिलं आहे. मुद्दा ओझं कुणावर पडतं हा आहे. महामार्ग अडवण्याऐवजी हेच हजारो शेतकरी रांगेने बॅरिकेडपर्यंत चालत आले असते, मनाईहुकूम मोडून पाच-पाच जण पुढे गेले असते, अटक मागितली असती आणि जामीन नाकारला असता, तर? शंभर वर्षांपूर्वी याच सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवर ते झालं होतं. नागपूरच्या तुरुंगात जागा पुरली नसती, आणि सरकारला रुग्णवाहिकेची ढाल करता आली नसती. आजचा जेलभरो म्हणजे पोलिसांच्या गाडीत बसायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी घरी. जामीन नाकारणारा पुढारी मी कित्येक वर्षांत पाहिला नाही.

पुढाऱ्यांबद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढतं. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं अशा अटी असतात, समिती शिफारस करते. आमदार-खासदारांचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं, ते बरंच झालं. पण समितीपुढे फाइल कुणाची सरकते? ज्याच्यासाठी मंत्रालयात पाठपुरावा करणारा कुणी आहे, त्याची. भाषण ऐकून टायर पेटवणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा तारखांवर येत राहतो. वकिलाची फी बापाच्या कापसातून जाते. पोलीस भरतीत मैदान मारतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कायदेभंगाची हाक देणाऱ्याने शिक्षेत पहिला नंबर लावायचा असतो. तो लावत नसेल तर त्याने पोरांच्या हातात झेंडा देऊ नये.

आणि एक धोका नव्याने उभा राहिला आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं, तसा उपदेश करणं याचाही समावेश आहे. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे असं सरकार सांगतं. गडचिरोलीत काय भोगलं गेलं हे विदर्भाला सांगावं लागत नाही; बंदुकीविरुद्ध कायदा कडक हवाच. पण उपदेश? झेंडा घेऊन हद्द ओलांडा, असा उपदेश जमनालाल बजाजांनी केला होता. गवत कापा, असा अण्यांनी. कायदा मोडल्याबद्दल शिक्षा देणं राज्याचं काम आहे आणि सत्याग्रही ती मागूनच घेतो. अमुक कायदा मोडण्याजोगा आहे असं बोलणंच गुन्हा ठरवलं, तर उघडपणे मोडणाऱ्याची जागा नाहीशी होते. मग उरतात ते तोंड झाकलेले.

सरकारला खरंच रस्ते मोकळे हवे असतील तर येत्या हिवाळी अधिवेशनात एक गोष्ट करता येईल. परवानगी घेऊन आलेल्या प्रत्येक मोर्चापुढे संबंधित खात्याच्या मंत्र्याने टी पॉइंटला स्वतः चालत यावं, भोंगा हातात घेऊन डांबरावर बसलेल्यांशी बोलावं, आणि निवेदनावर काय कार्यवाही झाली ते पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी लेखी कळवावं. विधानभवनापासून ते अंतर पायी काही मिनिटांचं आहे. एवढं झाल्यावरही कुणी महामार्ग अडवला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल करून खटला शेवटपर्यंत चालवा म्हणणाऱ्यांत मी असेन. पण त्या खटल्यात पहिलं नाव व्यासपीठावरच्या माणसाचं हवं, आणि टायर आणणाऱ्या पोराचं शेवटचं.